शाई ओली असताना

आता बटन दाबलं की फाइल लिहून होते म्हणे. साठ सालाच्या सुमारास मोर्शीच्या कचेरीत मी दफ्तरी होतो. फाइल मी उघडायचो, साहेब लिहायचे आणि शाई वाळली की मीच बंद करायचो.

पुण्याहून आलेल्या नव्या साहेबांना मोटर गाठायची होती. समोर उभ्या विधवा रहमतबीचं नाव तिच्या नवऱ्याच्या संत्र्याच्या बागेवर लिहून त्यांनी फाइल फटकन मिटली.

"साहेब, शाई ओली हाये."

"साहेब तू की मी?"

मी फाइल उघडून दाखवली. नावाचा नुसता डाग झाला होता.

रहमतबी रडू लागली. "भाऊ, आता दीर बाग घेईन माही!"

साहेबांनी नाव पुन्हा लिहिलं. मोटर गेली, तरी पानावर फुंकर घालत बसले.

त्यानंतर बदली होईपर्यंत ते मलाच विचारायचे, "दफ्तरी, आता मिटू का?"