दादाच्या हातचा दोर

सहा हिवाळे बर्फावर काढून एकदाही न घसरलेला माणूस स्वतःच्या घरी, बाथरूमच्या ओल्या फरशीवर घसरून मरतोच कसा? सांगा ना! डॉक्टरांना विचारलं, त्यांनी चष्मा पुसला. आईला विचारलं, ती म्हणाली, "जेवून घे." वहिनीला विचारायची सोयच नाही, फरशी तिनेच धुतली होती...

म्हटलं, चला, दादाची नोकरीच करून बघू! तुम्हाला सांगतो, ध्रुवाजवळच्या त्या संशोधन केंद्रात शिपाई व्हायलासुद्धा शिकलेला माणूस लागतो म्हणे. समोर तीन साहेब. "शिक्षण?" "सातवी." "पास?" मी छताकडे बघितलं. "येतं काय काय?" "दादाला यायचं ते सगळं!" साफ खोटं हो! पण दादाचं नाव काढल्याबरोबर तिघांनी मला उन्हाळ्यापुरतं घेतलं. वर दातांच्या डॉक्टरने न दुखणारी दाढ उपटली! का? तर, "तिकडे दुखली तर काढणार कोण?"

तिथं पोचलो. पांढरं. संपलं वर्णन! पाणी हवं तर फावड्याने बर्फ आणा, टाकीत टाका, वितळवा. मी टाकीत बर्फ टाकला की आचारी म्हणणार, "तुझा दादा असं नाही करायचा." दार लावलं, "तुझा दादा असं नाही करायचा." अहो, एकदा मी शिंकलो, तर मुख्य साहेबांच्या चेहऱ्यावर तेच!

आणि तो दोर. वादळ सुटलं की तिथं स्वतःचा हात दिसत नाही, म्हणून स्वयंपाकघरापासून हवामानाच्या खोलीपर्यंत खांबांना दोर बांधलेला, त्याला धरून चालायचं. तो बांधला होता दादाने. प्रत्येक खांबाला त्याची गाठ, दोन वेढे, तिसरा उलटा, वरून अंगठ्याने दाबलेली! लहानपणी माझ्या बुटांना तशीच मारायचा, आई कात्री घेऊन बसायची. तिकडे घरी वहिनीने कपाट रिकामं केलं, चपलासुद्धा देऊन टाकल्या. दादाच्या हातचं जगात उरलं काय? या गाठी!

आणि साहेब मला म्हणतात, "दोर उन्हानं खाल्लाय, हिवाळ्याच्या आत बदल." मी म्हटलं, "हो साहेब." नाही बदलला. परत, "दोर?" "हो साहेब." नाही बदलला. मग एकदा सगळे चहाला बसलेले असताना कडाडले, "अरे, माणूस हरवेल एखादा!" माझं डोकंच फिरलं. "दादाचा दोर तुटायचा नाही!" म्हणत तसाच बोडका बाहेर पळालो, दोन्ही हातांनी दोराला लटकलो, पाय वर घेतले. "बघा! बघा तुटतो का..."

फाट्!

मी उताणा. वर आभाळ, आभाळाच्या कडेने सगळ्यांची तोंडं. पडल्या पडल्या ओरडलो, "गाठ बघा! गाठ शाबूत आहे!" होतीच हो! दोर तिच्या शेजारी तुटला होता.

आचारी म्हणाला, "तुझा दादा असं..." आणि थांबला. पहिल्यांदाच.

हवामानवाल्या बाई खाली वाकल्या. हळूच म्हणाल्या, "गाठ छानच आहे रे. पण मला हिवाळाभर याच दोराला धरून जेवायला यायचंय." साहेबांनी स्वतःची टोपी काढून माझ्या डोक्यावर घातली.

मग काय... कापल्या. सगळ्या. कुणाला हात लावू दिला नाही. आणि तिथं बर्फावर काही टाकायची सोय नाही, कचरासुद्धा जहाजाने परत जातो, म्हणून दादाच्या गाठी पेटीत, पेटीवर चिठ्ठी, 'कचरा'. लिहिली कुणी? मीच!

नवा दोर ओढला. दोन वेढे, तिसरा उलटा, वरून अंगठा. दुसऱ्या दिवशी मला न्यायला जहाज येणार होतं. म्हटलं, जायच्या आधी या लोकांसाठी दोर तरी तपासून देऊ. डोळे गच्च मिटले, वादळात चालतात तसा निघालो. एक खांब, दुसरा खांब... वाटलं, कळेल आपल्याला, की आपली गाठ दादासारखी नाही. तुम्हाला सांगतो, एवढाले जाड हातमोजे... काही कळत नाही हो!