पहिल्या खोलीतला आकडा

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे संचालक साहेब, व्यासपीठावरील पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या बाई, त्यांचे यजमान, आणि चहा गार होत असूनही जागेवर बसून राहिलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

मला चार गोड शब्द बोलायला सांगितलं आहे. ते माझ्याआधीच्या तिघांनी बोलून झाले. बाईंना आपण पाठीमागे ‘गाळणी’ म्हणायचो, हे मात्र कुणी सांगितलं नाही. त्यांना ते ठाऊक होतं. आमच्या कोडमधला एकही खडा त्यांच्या हातून सुटत नसे आणि आम्हाला त्याचा भयंकर राग यायचा.

दोन वर्षांपूर्वी, दोन टेराबाइटच्या वरची मेमरी कार्डं आपल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालावीत म्हणून ड्रायव्हर, म्हणजे कार्डाला आज्ञा देणारा प्रोग्राम, लिहायचं काम माझ्याकडे आलं. पाहुण्यांसाठी सोपं करून सांगतो. कार्ड म्हणजे खोल्यांची प्रचंड इमारत. जुन्या आज्ञेत खोलीचा नंबर लिहायला जागा ठरावीक, दोन टेराबाइटच्या पुढे ती पुरत नाही. म्हणून आधी वेगळी आज्ञा पाठवून मजला सांगायचा, मग खोली. मजला सांगायचा राहिला, तर कार्ड मुकाट्याने तळमजला धरतं आणि तिथलं सामान पुसून त्यावर तुमचं ठेवतं. आपले ग्राहक शस्त्रक्रियांचं चित्रण करणारी यंत्रं बनवत होते. पुसलं जाणारं सामान कुणाचं असतं, हे वेगळं सांगायला नको.

माझी चाचणी पास झाली. लिहिलं, वाचलं, जुळलं. बाई म्हणाल्या, लिहितानाही चुकीच्या खोलीत गेलास आणि वाचतानाही त्याच खोलीत, तर जुळणारच की. मग त्यांनी प्रत्येक खोलीत तिचा स्वतःचाच नंबर लिहायला लावला. सगळं कार्ड भरायला पूर्ण दिवस गेला. तरीही पास! मी छाती फुगवून फिरलो. साहेब, ड्रायव्हर ग्राहकांना द्यायला विभागप्रमुख म्हणून बाईंची सही तुम्ही त्याच संध्याकाळी मागितली होतीत. बाईंनी दिली नाही.

पाचव्या दिवशी त्यांनी मला चाचणीच्या खोलीत बोलावलं. आम्ही दोघंच होतो. कार्डावर लिहिणं चालू होतं. आकडा दोन टेराबाइटची हद्द ओलांडतोय तोच बाईंनी खाचेतलं कार्ड बोटाने किंचित हलवलं. संपर्क तुटला, जुळला. माझ्या ड्रायव्हरने शहाण्यासारखं पुन्हा लिहिलं. फक्त या वेळी मजला सांगितला नाही. नेहमीच्या वाटेवर मी ती आज्ञा पाठवली होती, पुन्हा प्रयत्न करायच्या वाटेवर विसरलो होतो.

बाईंनी कार्डाच्या तळमजल्यावरची पहिली खोली पडद्यावर उघडली. खोल्यांची मोजणी शून्यापासून, म्हणून तिथे शून्य असायला हवं होतं. वरच्या मजल्यावरचा दहा आकडी नंबर होता.

सूत्रसंचालकांची चिठ्ठी आली आहे, ‘आवरतं घ्या’. आणि बाईही मला खुणेने बसायला सांगत आहेत. क्षमा करा बाई, आज नाही ऐकणार.

माझी नोकरी कायम व्हायला आठवडा उरला होता. घरी महिन्याभराची जुळी मुलं होती. मी बाईंपुढे हात जोडले, चूक माझी आहे हे वर सांगू नका म्हणालो. त्यांनी कार्ड खाचेतून काढून माझ्या हातात दिलं. मग म्हणाल्या, “दुरुस्त कर. चार दिवस मी मागून घेते.”

आणि त्यांनी ते स्वतःच्या नावावर मागितले. ‘तपासणी माझ्याकडून अपुरी राहिली’ अशी ओळ बाईंनी स्वतःच्या सहीने लिहून दिली. नवव्या दिवशी निर्दोष ड्रायव्हर तयार झाला, पण ग्राहक तोवर दुसरीकडे गेले होते. बैठकीत साहेबांनी विचारलं, हा उशीर कुणामुळे? मी दोन खुर्च्या सोडून बसलो होतो. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी ग्लास उचलून पाणी प्यायलो.

त्यांचं विभागप्रमुखपद गेलं. शेवटची दोन वर्षं त्या जिन्याखालच्या खोलीत बसल्या. त्याच ड्रायव्हरसाठी मला याच मंचावर पारितोषिक मिळालं, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत बाई होत्या. त्या टाळ्या मला अजून झोंबतात.

साहेब, त्या उशिराचं कारण मी होतो. मघाशी तुम्ही जाहीर केलंत की विभागप्रमुखाच्या खुर्चीवर उद्यापासून मी बसणार. ते पत्र मी तुमच्यासमोर टेबलावर ठेवतो आहे. त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. बाईंच्या कागदांत मात्र ती ओळ आजच दुरुस्त व्हावी, त्या अजून या इमारतीत आहेत तोवर.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात शब्द मागेपुढे झाले असतील, तर सभागृहाने सांभाळून घ्यावं. त्या पाण्याच्या ग्लासाबद्दलची क्षमा मी बाईंकडे मागतो. बाई, ती तुम्ही द्यायलाच हवी असं नाही.