चर आली मोरीपाशी

नाही नाही, तो शब्द तेवढा काढू नका माझ्यासमोर... सहकार्य! जो येतो तो हेच विचारतो, "काका, पाच गावांनी मिळून इंटरनेट आणलंत म्हणे, एवढं सहकार्य साधलं कसं?" आता तुम्ही इतक्या लांबून आलाय, तुमच्या गावांनाही आणायचंय, म्हणून तुम्हाला खरं तेच सांगतो. एकमेकांची जिरवायची म्हणून खणलं हो आम्ही! खुन्नस होती, खुन्नस! आणि याला म्हणतात सहकार्य!

मी कोण? मी नळवाला. या गावात माझा हात लागला नाही असा एक पाइप दाखवा. तर झालं काय, माझी मुलगी शहरात असते, कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढते. काम असं की कुठंही बसून करावं, फक्त नेट पाहिजे. आणि आमच्याकडे नेट म्हणजे... पाण्याच्या टाकीवर चढायचं, फोन डोक्यावर धरायचा, श्वास रोखायचा, की मग एक मेसेज यायचा, आणि तोही कसला, तर रिचार्ज संपलाय! मुलगी म्हणायची, "बाबा, नेट असतं ना, तर मी आजच बॅग भरली असती." झालं! आमच्या हिनं ते मनात धरून ठेवलं. खिडकीपाशी टेबल मांडलं, खुर्ची मांडली, रोज पुसायची. बसायला कोणी नाही, तरी पुसायची! आणि वर मला म्हणते कशी, "अख्ख्या गावात पाणी फिरवलंत, एवढी एक तार आणता येत नाही?" तार काय माझ्या खिशात आहे?

मग कंपनीचा साहेब आला. त्यानं गाव पाहिलं, म्हणजे गाडीच्या काचेतूनच पाहिलं, आणि म्हणाला, "काका, एकटं तुमचं गाव आम्हाला परवडत नाही. आसपासची पाच गावं एकत्र या, चर तुम्ही खणा, केबल आम्ही टाकतो. पण पाचही जोडली गेली पाहिजेत हं! मध्ये एक जरी राहिलं, तरी कोणालाच नाही."

पाच गावं! एकत्र! अहो, आमचं आणि वरच्या गावाचं ओढ्याच्या पाण्यावरून इतकं वाकडं, की त्यांच्याकडे लग्न असलं तर आम्ही जेवायला जायचो, पोटभर जेवायचो, पण जेवण चांगलं झालं असं म्हणायचो नाही! आणि त्यांच्या पुढारी कोण, तर शाळेच्या हेडबाई. पाच गावांची सभा भरली, माणसं खचाखच, आणि बाई उभ्या राहिल्या, "नळवाले! तुमच्या माणसांना कुदळीची कोणती बाजू खाली धरतात ते माहीत आहे ना?" हसले हो सगळे! आमच्या गावचेसुद्धा हसले! माझ्या अंगाची नुसती लाही लाही. मी म्हटलं, "बाई, शिवेवर आधी कोण पोचतं ते बघूच." ठरलं, बाकीची तीन गावं आपापला तुकडा खणतील, आणि आमच्या दोघांत तुम्ही तिकडून खणा, आम्ही इकडून खणतो, शिवेवरच्या कुंपणापाशी भेटू. आणि याला म्हणतात सहकार्य!

आता यात एक गोची होती. माझं घर शिवेजवळ, गावापासून फटकून, एकटं. केबल जाणार पलीकडच्या मक्याच्या रानातून, आणि घर राहिलं बाजूला. साहेबाची आखणी सभेतच सगळ्यांनी पाहिली, त्यात ते नाहीच! चर थोडी वळवता आली असती? आली असती की! पण खणायचा म्होरक्या कोण? मीच! लोक काय म्हणाले असते? "बघा बघा, चर कुठं वळली, नळवाल्याच्या दारी!" मी तोंडातून एक शब्द काढला नाही. घरी हिनं काढले. बरेच काढले. मी म्हटलं, "अगं, मुलगी पंचायतीच्या खोलीत बसून करेल काम." ही म्हणाली, "मग टेबलही तिकडंच नेऊन टाकू का?" आणि उठून पुन्हा पुसायला लागली.

पण खणलं हो लोकांनी! इथं मात्र मी मस्करी करणार नाही. न्हाव्यानं दुकानाला कुलूप लावून खणलं. दवाखान्यातली नर्स ड्युटी संपवून घमेली उचलायला यायची, म्हणायची, "शहरातल्या डॉक्टरला पेशंट स्क्रीनवर दाखवता आला, तर माझी अर्धी काळजी जाईल." एकमेकांचं तोंड न बघणारे दोन सख्खे भाऊ एका चरीत उतरले, बोलले नाहीत, पण एकाच तांब्यातून पाणी प्यायले. ऊर भरून यायचा, खरं सांगतो.

आणि मग तो मका! डोक्याच्या वर वाढलेला, समोरचं काही दिसेना, नुसते आवाज! पलीकडून वरच्या गावाच्या कुदळी खणखणतायत. मी म्हटलं, "अरे, हे तर शिवेवर पोचले! मारा!" त्यांना आमच्या कुदळी ऐकू येतायत, ते म्हणतायत, "मारा!" कुंपण आलं. थांबायचं होतं ना? थांबतोय कोण! उद्या कोणी म्हणायला नको, नळवाला कमी पडला. कुंपणाखालून चर काढली आणि पुढं... खणतोय, खणतोय, आणि एकदम मका संपला, मान वर केली, तर समोर झेंड्याचा खांब! घसरगुंडी! मुलं ओळीत उभी! मी हेडबाईंच्या शाळेच्या अंगणात, कुदळ हातात, गुडघाभर खड्ड्यात! तेवढ्यात मागून एकजण धावत आला, "काका, घरी चला, काकू बोलावतायत, वरचं गाव तुमच्या मोरीपाशी निघालंय!"

कळलं का तुम्हाला? हातभर अंतरावरून एकमेकांना ओलांडून गेलो होतो! दोन चरी, आणि भेट कुठंच नाही! पाच गावं जोडली नाहीत तर कोणालाच नाही, आणि साहेब त्याच दिवशी बघायला येणार! टेबल डोळ्यांसमोर आलं माझ्या. साहेब आला, इकडून बघितलं, तिकडून बघितलं, म्हणाला, "मी एक सांगितली होती." आणि मग हसायलाच लागला! "अहो, मधली हातभर माती काढा की झालं! आणि राहू द्या दोन्ही, एक केबल तुटली तर दुसरी चालेल. लोक आमच्याकडे हे मागतात, आम्ही देत नाही!" आणि याला म्हणतात सहकार्य!

तर मोरीपाशी आलेल्या त्या चरीतून माझ्या घरी केबल आली. नेटच्या डबीवर हिरवा दिवा लागला. मी हेडबाईंना म्हटलं, म्हणजे जरा टोमणाच मारला, "बाई, आम्ही कुंपण चुकलो ते चुकलो, तुम्ही तर पार आमच्या मोरीपर्यंत चुकलात!" बाईंनी चष्मा काढला, पुसला, म्हणाल्या, "नळवाले, तुम्ही चुकलात. मी जन्मभर भूमिती शिकवली. तुमची पोर चिखल तुडवत रोज माझ्या शाळेत यायची, एक दिवस चुकवला नाही तिनं. तुम्ही तिच्यासाठी तोंड उघडणार नाही, हे मला सभेतच दिसलं होतं." ... माझ्याच्यानं बोलवेना. मी! बोलवेना! असं गाव शेजारी असायला नशीब लागतं हो, आणि हे मी आता वरच्या गावात जाऊनसुद्धा सांगतो.

मुलगी आली. टेबलाशी बसली. ही दारातून बघत राहिली, डोळे पुसत. मला काय आनंद! म्हटलं, आता मनसोक्त गप्पा. तोंड उघडलं, तर मुलगी, "बाबा, शूऽऽ, मीटिंग!" दुपारी उघडलं, "बाबा, शूऽऽ!" संध्याकाळी ही पण, "अहो, शूऽऽ!" स्वतःच्या घरात मी खुणेनं चहा मागतो! बोलल्याशिवाय माझं पोट फुगतं, म्हणून हल्ली मका ओलांडून हेडबाईंच्या ओट्यावर जाऊन बसतो... पण तिथं बाई बोलतात.