साहेबाच्या तीन पेन्सिली

(ठाण्याजवळच्या डोंगरावरचा वारल्यांचा पाडा. स्वराज्य येऊन सहा वर्षं झालीत. सखुबाई अंगणात भात कांडते आहे. म्हातारा नाथा शाळेकडून आलाय.)

नाथा : सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही सखू, पण आज तुझ्या रतननं मास्तराच्या पेटीला घाम फोडला!

सखुबाई : लाकडाला घाम?

नाथा : टपटप! पोरीनं सूर लावला, तशी पेटी धापाच टाकायला लागली. कौलांवर ओळीनं पोपट येऊन बसले. चाळीस! मोजले मी.

सखुबाई : पोपट राहू द्या. गाणं कुठलं म्हणाली?

नाथा : असंच... पोरांचं.

सखुबाई : नाथाबाबा, इकडं बघून सांगा.

नाथा : बरं बाई, लग्नाचं. मास्तर म्हणाले, घरचं गाणं म्हणा. तिच्या घरात दुसरं कुठलं असणार? आई धवलेरी!

सखुबाई : पाड्याची लग्नं लावते मी त्या गाण्यानं. मांडव नाही, भिंतीवर लग्नाचा चौक नाही, नवरा-नवरी नाही, आणि पोरगी पेटीपुढं गाते! त्यात गाणी लिहून न्यायला आलेला तो ठाण्याचा साहेब वही उघडून बसलेला.

नाथा : गोड माणूस आहे गं.

सखुबाई : लाकडाचा ठेकेदारही गोडच होता. वहीत काय लिहिलं कोण जाणे, आपले अंगठे घेतले, आणि दुसऱ्या दिवशी बांबू तोडायला गेलो तर बांबू त्याचे. आता गाणं न्यायचंय. लिहिलं असेल, तर उद्यापासून रतन गुरांमागं. पाड्यानं तुम्हाला बघायला धाडलं होतं ना? काय बघितलंत?

नाथा : लिहिलंच नाही! हिरव्या देवाची आण! साहेबानं पेन्सिल टेकवली, टोक मोडलं. दुसरी घेतली, तीही मोडली. तिसरी तर उभी चिरली, सरपणासारखी. वही कोरी!

सखुबाई : तोंडाला तंबाखूचा वास येतोय. मास्तरानं दिली?

नाथा : चिमूटभर. त्याचा काय संबंध? अगं, वर्षभर आपली पोरं शाळेत तोंड उघडत नव्हती. मुकी समजायचे त्यांना. रतन गायली आणि सगळी गायला लागली. नको काढूस तिला.

सखुबाई : शेवटपर्यंत गायली? कुठं अडली नाही?

नाथा : अडते कशाला? झऱ्यासारखी!

सखुबाई : तिसऱ्या ओळीला अडली.

नाथा : तुला कुणी सांगितलं?

सखुबाई : कुडामागं उभी होते मी. पुढची ओळ मीच सांगितली तिला.

नाथा : आँ? मग मघापासून मला बोलू का दिलंस?

सखुबाई : खोटं कुणासाठी बोलताय, ते बघत होते. पेन्सिल एकच होती, नाथाबाबा, आणि ती मोडली नाही. तुम्ही मास्तराची तंबाखू मळत होता, तेव्हा साहेबानं लिहिलेलं रतननं मला कुडाशी येऊन वाचून दाखवलं. माझा एक शब्द कमी नव्हता. उद्या शाळेतच जाईल ती; आता कुठल्याही वहीवर अंगठा द्यायचा, तो तिनं वाचल्यावरच.