राशेलआजींना ‘जाते’ म्हणताना

माझा जन्म कोपरगावचा, वडील साखर कारखान्यात टाइमकीपर, आणि लग्नानंतर मी नाशिकला मुलींच्या शाळेत मराठी शिकवत असे, त्यामुळे अजून माझ्या बोलण्याला खडूचा वास येतो असे आमचे हे म्हणतात, तर तेवढे सांभाळून घ्या. यांची नोकरी हेगला आली म्हणून आम्ही शेजारच्या लायडस्खेनडाम-फोरबर्गला घर घेतले, मी डच शिकले, परीक्षा दिल्या, आणि आता इथल्याच एका वृद्धाश्रमात मदतनीस आहे. अंघोळ घालणे, भरवणे, जवळ बसणे हे माझे काम. काम जमते, पण भीती काही सुटली नाही, कारण वर्गात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी पुसून परत लिहिता येते, आणि इथे माणसे इतकी नाजूक की दुसरा दिवस असेल याची खात्री नाही.

आमच्याकडे राशेलआजी आहेत, मूळच्या तुर्कस्तानातल्या इझमीरच्या, ज्यू. नवरा डच होता, तो गेला, मूलबाळ नाही. साठ वर्षे त्या इथे उत्तम डच बोलल्या, आणि विसरण्याचा आजार जडल्यावर ती डच सगळी पुसली गेली, राहिली ती आईची भाषा, लदिनो. पाचशे वर्षांपूर्वी स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंनी ती जुनी स्पॅनिश तुर्कस्तानात नेली आणि घरात जपली. आमच्या मदतनीसांत स्पॅनिश बोलणारी एक मुलगी होती, तिचे थोडेफार त्यांना कळायचे, पण ती बाळंतपणाच्या रजेवर गेली. मग काय सांगू तुम्हाला, आपण डचमध्ये प्रेमाने बोलावे आणि आजींनी भिंतीकडे सरकावे, पेला पुढे केला की ओठ मिटावेत. डॉक्टर म्हणाले, असे पाणी बंद राहिले तर इस्पितळात हलवावे लागेल आणि तिथून त्या परत येतील असे वाटत नाही.

म्हणून मी लदिनो शिकायला घेतली. इंटरनेटवर प्रवाशांसाठी वाक्ये मिळाली, त्यात स्टेशन कुठे आहे, याची किंमत काय, असली फार. ज्या बाईला खोलीबाहेर पडायची भीती तिला स्टेशन विचारून काय करायचे. मी मोजकी निवडली. बुएनोस दिआस म्हणजे सुप्रभात. कोमो एस्ताश म्हणजे कशा आहात, आणि शेवटी श स्पष्ट हवा. नो ते एस्पांतेस म्हणजे घाबरू नकोस. आग्वा म्हणजे पाणी. इझमीरला त्यांचा भाचा आहे, तो फोनवर उच्चार तपासायचा. मुलीला म्हणतात इझा, पण तो झ आपल्या झाडातलाही नव्हे आणि झेंड्यातलाही नव्हे. गळ्यावर बोट ठेवा, श म्हणा, आता जीभ न हलवता गळा थरथरेल असा आवाज काढा, तो तो वर्ण. मी भांडी घासताना घोकत असे. आमची इरा म्हणाली, आई, यू आर स्केअरिंग द कॅट. हे म्हणाले, मांजराला सांग, नो ते एस्पांतेस.

हसू मलाही आले, पण सकाळी आजींच्या दाराशी मी वाक्ये पुन्हा एकदा पुटपुटून घेतली, कारण मी वाईट बोलले तर त्यांचा उरलेला एक कोपराही परका होणार. मी हळू म्हटले, बुएनोस दिआस, कोमो एस्ताश. आजींनी मान वळवली. मग म्हणाल्या, एंत्रा, इझा, म्हणजे आत ये, मुली. त्या दिवशी पेलाभर पाणी प्यायल्या, शिवाय पाव खाल्ला.

संध्याकाळी निघताना मला मे व्हो म्हणायचे होते, म्हणजे मी जाते. पण आपल्यात घरातून निघणारे माणूस जाते म्हणते का हो? येते म्हणते. आणि आजारी म्हाताऱ्या माणसाजवळून उठताना जाते हा शब्द तर जिभेवर घेऊच नये असे आईने शिकवलेले. मे व्हो मला पाठ होते आणि तरी मी व्हेंगो म्हटले, येते. आजींनी आनंदाने मान हलवली.

पुढचे दोन दिवस माझी सुट्टी होती. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या मुख्य परिचारिकेचा फोन आला, म्हणाली, लवकर ये, कालपासून घोटभर पाणी नाही, दाराजवळून उठत नाही, डॉक्टर येताहेत. मी सायकल काढली आणि कालव्याचा पूल ओलांडून थेट आजींची खोली गाठली. आजी ठेवणीतले कपडे घालून दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या, ओठ सुकलेले, आणि टेबलावर दोन कप मांडलेले. मला म्हणाल्या, दिशितेस व्हेंगो. तू येते म्हणालीस. येणाऱ्या पाहुणीच्या आधी घरच्या बाईने खायचे-प्यायचे नसते, म्हणून त्या थांबल्या होत्या. मी कप भरले, आधी माझा तोंडाला लावला, मग त्यांनी लावला. डॉक्टर आले तेव्हा आजी दुसरा कप पीत होत्या. ते म्हणाले, आज हलवत नाही, उद्या बघू.

भाच्याला मी विचारले, उद्या येते असे म्हणू का? तो म्हणाला, मावशी उद्या हा शब्द विसरेल आणि येते एवढेच धरून बसेल, तुम्ही सरळ जाते म्हणा. मी म्हटले, आमच्यात ते अशुभ. तो म्हणाला, बाई, तहान त्याहून अशुभ.

तेव्हापासून रोज कोट चढवून मी उंबऱ्याशी उभी राहते आणि मे व्हो म्हणते. आजी म्हणतात, कामिनोस दे लेचे इ मिएल. प्रवासाला निघणाऱ्याला त्यांच्यात असे म्हणतात, तुझ्या वाटा दुधामधाच्या होवोत. मग त्या वळून पेला उचलतात. त्या पितात हे पाहिल्याशिवाय मी हलत नाही. सायकलवर बसले की मागे वळून त्यांच्या खिडकीकडे पाहते, कारण सकाळी ती खोली रिकामी दिसली तर माझा त्यांच्याशी शेवटचा शब्द जाते हा असेल. असो. त्यांचे पाणी चालू राहो, माझ्या जिभेला लागायचे ते पाप लागो.