टायच्या पलीकडची बाजू

नवरा : अगं, थांब ना जरा. ही पांढरी गोधडी नीट बघू दे.

बायको : तीनदा बघून झाली तुमची.

नवरा : दोनदा. पहिल्यांदा नुसताच तिच्यासमोरून गेलो. आता कळतंय, हिच्यात रंग म्हणून काही नाहीच. पांढऱ्यावर पांढरा दोरा. नुसत्या टाक्यांनी पानं काढलीत, वेली काढल्यात, मधे ते हंस...

बायको : बगळे आहेत ते.

नवरा : बगळे तर बगळे. उजेड तिरका पडल्याशिवाय दिसतसुद्धा नाहीत. एवढं काम करायचं आणि ते असं लपवून ठेवायचं! आमच्या ऑफिसात लोक एक टाका घालायचे आणि चार जणांना बोलावून दाखवायचे. त्यात मीही आलोच.

बायको : पुढे चला.

नवरा : ती षटकोनांची राहिली.

बायको : तिच्यापाशीही थांबून झालंय. नखाएवढे तुकडे आहेत, प्रत्येक हाताने जोडलाय, शिवणाऱ्या बाईंना अजून चष्मा नाही, आणि तुम्हाला त्यांच्या डोळ्यांचा हेवा वाटतो. ऐकलं सगळं. आपली गोधडी समोरच्या भिंतीवर आहे.

नवरा : माहीत आहे कुठे आहे. म्हणूनच इकडे तोंड करून उभा आहे.

बायको : घाबरलात?

नवरा : मग काय तर! प्रदर्शनाचे निकाल लागले, फिती टाचून झाल्या. पहिल्या नंबराची निळी फीत या पांढरीवर नाही, षटकोनांवर नाही. म्हणजे अजून निम्मं दालन शिल्लक आहे. तोवर आपण उमेदवार. एकदा त्या भिंतीपाशी गेलो की नुसते प्रेक्षक.

बायको : कोट तरी काढून हातावर घ्या. केवढं उकडतंय इथे.

नवरा : काढणार नाही. सकाळी अर्धा तास खपून लावलेली बटणं अशी फुकट सोडू? सगळी मी लावली, एकट्याने. बघितलंस ना?

बायको : बघितलं.

नवरा : खाली एक बटण उरलं. जुना कोट आहे, एखादं घर बुजलं असेल.

बायको : असेल.

नवरा : तू काही बोलली नाहीस.

बायको : छान लावलीत. आता चला.

नवरा : चलतो. पण आधी बोलून घेऊ दे, म्हणजे नंतर तू बोलायला नको. सलग तीन वर्षं तुझी गोधडी पहिली. चौथ्यांदा आली की मंडळाच्या नियमाने पुढच्या वर्षापासून तू परीक्षक. पांढरे हातमोजे घालून लोकांच्या गोधड्यांचे कोपरे उलटवून बघणार. धंदा अगदी तेजीत होता. आणि नेमकं याच वर्षी तू भागीदार घेतलास. भांडवल म्हणून त्याने काय आणलं? एक आखडलेला उजवा हात.

बायको : मी नाही घेतला. डॉक्टरांनी गळ्यात घातला.

नवरा : डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितलं होतं.

बायको : तो तुम्ही खिडकीतून फेकलात.

नवरा : फेकला कुठला, निसटला! फेकण्याइतकी ताकद असती तर चेंडू कशाला दाबत बसलो असतो?

बायको : म्हणून सुई दिली हातात. निसटली तरी खिडकीबाहेर जात नाही.

नवरा : नाही, ती पायात जाते. बरं, चल. व्हायचं ते होऊ दे.

बायको : आलो. बघा आता.

नवरा : मी डोळे मिटलेत. निळी आहे?

बायको : नाही.

नवरा : हिरवी? पिवळी? उत्तेजनार्थ काहीतरी?

बायको : टाचणीसुद्धा नाही.

नवरा : झालं. बुडवलं तुला. तुझं नाव एकटीचं लाव म्हणत होतो, तर खालच्या पाटीवर दोघांची नावं. माझं पहिलं! बुडीत खात्यावर मालकाचं नाव पहिलं असतं, तसं.

बायको : अक्षरांच्या क्रमाने लावलंय ते.

नवरा : चष्मा दे माझा. निदान नुकसान कुठे झालं ते तरी बघू. मधे ही उभी पट्टी माझ्या टायची. डावीकडे मी, उजवीकडे तू. चौकोन सगळे माझ्या ऑफिसच्या शर्टांचे. काय पण आयुष्य आहे बघ! निळा, फिका निळा, त्याहून फिका निळा, आणि ज्या वर्षी फार धाडस केलं त्या वर्षीचा रेघांचा. भिंतीवर टांगल्यावर कळलं, मी तीस वर्षं एकच शर्ट घालत होतो.

बायको : मी तर तो रोज इस्त्री करत होते.

नवरा : थांब. आता टाके बघतो. ही माझी बाजू. हं, आहेच, दारू पिऊन घरी निघाल्यासारखी ओळ. आणि ही तुझी... अगं!

बायको : काय झालं?

नवरा : फरकच नाही! इकडून बघ, तिकडून बघ. टाय काढून घेतला तर कुठली बाजू कुणाची, देवालाही सांगता यायचं नाही. म्हणजे माझा हात सुधारला की!

बायको : सुधारलाच आहे.

नवरा : आणि तुझा जरा उतरला. वाईट वाटून घेऊ नकोस. आठवतं, मी मधे सुई टाकून दिली होती? तुझी बाजू पट्टीने आखल्यासारखी आणि माझी, कोंबडी दोरा घेऊन पळाल्यासारखी. आठवडाभर टीव्हीसमोर बसून राहिलो.

बायको : दहा दिवस. आवाज बंद करून.

नवरा : मग एक दिवस तूच गोधडी पुढ्यात टाकलीस. म्हणालीस, माझे टाके बघा, मलाही आता जमत नाही, डोळे दगा देतात. खरं सांगू? काय बरं वाटलं होतं मला! बायकोचे डोळे गेले म्हणून हायसं वाटणारा जगात मी एकटाच नवरा असेन. तरी लाज वाटली म्हणून दुसऱ्या दिवशी तुला चष्म्याच्या दुकानात नेलं. तर तो चष्मेवाला म्हणतो, बाईंचा नंबर आहे तसाच आहे. म्हटलं, तुझं मशीन भंगारात दे!

बायको : हळू बोला. परीक्षक बाई येतायत.

परीक्षक बाई : काकू, तुमचीच वाट बघत होते. तीन वर्षं तुमच्या टाक्यांचे फोटो मी नव्याने शिकणाऱ्यांना दाखवते. यंदा काय झालं?

नवरा : यंदा मी झालो.

परीक्षक बाई : हे...?

बायको : आमचे हे.

नवरा : पाटीवरचं पहिलं नाव. बाई, टायच्या डावीकडचा सगळा गोंधळ माझा. हात आखडला होता, डॉक्टर म्हणाले बोटं चालवा, मी ती हिच्या गोधडीवर चालवली. एवढंच करा, डावी बाजू बाद धरा आणि उजव्या बाजूला काय ते गुण द्या. हवं तर टायवरून सरळ कापून देतो. कापायला फार हुशारी लागत नाही, मलाही जमेल.

परीक्षक बाई : पण काका, उजवीकडेही तेच टाके आहेत. एक लांब, दोन तोकडे. ओळ उतरत जाते आणि मधेच दचकल्यासारखी वर येते.

नवरा : डोळ्यांनी झालं ते. हिचे डोळे आता...

परीक्षक बाई : डोळ्यांनी? एक मिनिट हं. *(हातमोज्याच्या चिमटीत गोधडीची कड उचलून उजेडाकडे धरत)* इथे बघा. टाक्यांच्या वरच्या अंगाला ही भोकं दिसतात? बारीक बारीक, सगळी एका अंतरावर, एका रेषेत. सुईची आहेत. शर्टाचं कापड घट्ट विणीचं, धुतल्याशिवाय भोकं बुजत नाहीत.

नवरा : हो, दिसतात की. सरळ आहेत.

परीक्षक बाई : अगदी सरळ. काकू, इथे आधी तुमचे नेहमीचे टाके होते. कोणी उसवले?

बायको : मी.

परीक्षक बाई : का?

बायको : शोभत नव्हते.

परीक्षक बाई : कशाला?

बायको : शेजारच्या बाजूला.

परीक्षक बाई : डावीकडे अशी भोकं नाहीत.

बायको : नसणार. तिथे एकदाच शिवलंय. जसं आलं तसं.

परीक्षक बाई : इतकी वर्षं परीक्षण करते आहे. वाकडं झालं म्हणून उसवून सरळ करणारे खूप पाहिले. सरळ उसवून वाकडं करणाऱ्या तुम्हीच पहिल्या. त्याचे गुण लिहायला आमच्या तक्त्यात रकाना नाही हो, काकू.

बायको : नसू दे. मी मागितलाय कुठे?

परीक्षक बाई : निकाल आता मला बदलता यायचा नाही.

बायको : बदललात तर मीच तक्रार करीन. ज्या पिवळ्या गोधडीला निळी फीत दिलीत, तिचे कोपरे मी मघाशी, हे पांढरीपाशी रेंगाळत होते तेव्हा, बघून आले. चोख आहेत. तिलाच द्यायला हवी होती.

परीक्षक बाई : परीक्षक तुम्हीच व्हायला हवं होतं. येते मी. काका, शिवणं सोडू नका.

बायको : गेल्या त्या. आता काहीतरी बोला.

नवरा : मी लेखापरीक्षक होतो.

बायको : होतात.

नवरा : लोक घाबरायचे मला. दोन वह्या जरा जास्तच जुळल्या की मी खुर्ची पुढे ओढायचो. म्हणायचो, एवढं आपोआप जुळत नसतं, कोणीतरी बसून जुळवलंय. कागद उजेडाला धरून खोडलेले आकडे वाचायचो. आणि माझ्याच घरात, माझ्याच शर्टांवर एवढी खाडाखोड झाली, तर मी काय निष्कर्ष काढला? माझा हात सुधारला!

बायको : खूश होतात तुम्ही. खूश माणूस तपासायला बसत नाही.

नवरा : उसवलंस कधी?

बायको : दुपारी. तुम्ही त्या मुक्या टीव्हीपुढे घोरायचात तेव्हा.

नवरा : आणि चष्म्याच्या दुकानात?

बायको : तिथे फसले. त्याने अक्षरं वाचायला सांगितली आणि मी सगळी बरोबर वाचली. चुकीचं वाचायचं सुचलंच नाही.

नवरा : आणि मी त्या बिचाऱ्याचं मशीन भंगारात काढलं.

बायको : दुसऱ्या दिवशी जाऊन त्याची माफी मागून आले.

नवरा : माझ्या वतीने?

बायको : तुम्हाला ताप होता म्हणून सांगितलं.

नवरा : अगं, पण ती परीक्षकाची खुर्ची. हवी होती ना तुला?

बायको : हवी होती. खोटं कशाला बोलू? हातमोजेसुद्धा आणून ठेवलेत. कपाटात आहेत, तुमच्या मफलरखाली.

नवरा : मग असं का केलंस?

बायको : तुमच्या हातात सुई राहायला हवी होती. दोन्ही जमेना.

नवरा : आता पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. सलग चार वर्षं.

बायको : मोजू.

नवरा : पुढच्या वर्षी मी माझी वेगळी शिवणार. लहान. उशीच्या अभ्र्याएवढी. तुझ्या शेजारी दुकान लावायचं नाही.

बायको : शिवा ना. पण एक सांगते. सरळ शिवताना माझं लक्षच नसतं. हात चालत असतो आणि मी मनात भाजी काय करायची ते ठरवत असते. तुमच्यासारखं शिवायचं म्हणजे तुमचा एकेक टाका बघून मग माझा घालायचा. कुठे हात दमला, कुठे चिडलात, कुठे दोरा तुटल्यावर शिवी दिलीत, सगळं दिसतं त्यात. एवढं लक्ष लावून मी आजवर काही शिवलं नव्हतं.

नवरा : शिवी कुठे दिसते?

बायको : टायपासून तिसरा चौकोन. रेघांचा.

नवरा : हा? ...आहे खरी. चांगली मोठी आहे.

बायको : आणि ही माझ्या बाजूची. टायपासून तिसऱ्याच चौकोनात.

नवरा : तूही दिलीस?

बायको : मनातल्या मनात. नाहीतर टाका तसा येत नव्हता. चला, दिवे मालवायला लागलेत. बाहेर गार असेल. माझा कोट द्या.

नवरा : घाल. थांब, बटणं लावू दे.

बायको : लावलीत की तुमची सकाळीच.

नवरा : तुझी म्हणतोय. इतके महिने तू माझी लावलीस. हलू नकोस. हं, हे एक. हे दुसरं. हे लेकाचं बोटांतून निसटतंय.

बायको : सावकाश. गडबड नाही.

नवरा : झालं! ...अगं, खाली एक उरलं की. म्हणजे वरपासूनच चुकत आलो. थांब, सगळं उसवून पुन्हा लावतो.

बायको : काही उसवू नका. तुमचीही सकाळपासून एका घराने चुकलीयत. मी काही बोलले का?