उद्याचा नारळ

(पोशीर, १९०८ चा उन्हाळा. कुंपणाच्या आत धाकलू, बाहेर त्याची थोरली लेक सुंदरा. लहानपणी मुंबईच्या मिशन शाळेत गेलेली ती आज पहिल्यांदाच घरी आली आहे. पडवीत घोंगडीवर पडलेली तिची आई, अंबा.)

धाकलू : तिथंच थांब. कुंपनाच्या आत पाय नको टाकू.

सुंदरा : बा, नेरळपासून उन्हातनं चालत आले. घोटभर पाणी तरी दे.

धाकलू : ओंजळ फुडं कर, वरनं वततो. हां. आनखी?

सुंदरा : पुरे. आपल्या गावच्या कोंडाजीनं निरोप दिला, आई आजारी आहे, असशील तशी निघ. कुठंय आई?

धाकलू : ती बघ, पडवीत. डोळ्यांनी दिसत नाय आता. कान शाबूत हायेत, तवा हळू बोल. आधी माजं ऐक, मंग तिला लांबनं बघ नि नीघ.

सुंदरा : लांबनं?

धाकलू : मडमेच्या घरचं खाल्लंस. कुनाकुनाच्या पंगतीला बसलीस. तुला शिवलो तर आमाला बी जातीभायेर काढतील.

सुंदरा : प्लेगात दोन्ही भाऊ गेले, घरात दाणा नव्हता, तेव्हा नेरळच्या स्टेशनात माझा हात मडमेच्या हातात कुणी दिला? म्हणालास, पोटाला तरी मिळेल.

धाकलू : दिला. जगावीस म्हनून दिला. चार मान्सांत उड्या मारायला नाय दिला.

सुंदरा : हेही कोंडाजीनंच सांगितलं वाटतं.

धाकलू : तो तुज्या शाळेशेजारच्या बंगल्यावर माळी हाय. भिंतीवरनं बघितलंन त्यानं. पदर खोचून धाकलूची पोर चेंडूमागं पळते, नि गोऱ्या बाया टाळ्या पिटतात. इतकी वर्सं आमी गावात सांगत व्हतो, पोर चाकरीला हाय. एका दिसात सगळं उघडं पडलं.

सुंदरा : खेळ आहे तो, बा. उंच खांबावर दुरडी टांगतात. तिच्यात चेंडू टाकायचा.

धाकलू : दुरडीत भात भरत्यात, पोरी.

सुंदरा : तिथं चेंडू टाकतात. आणि माझ्याइतका नेमका कुणाला टाकता येत नाही. दुसऱ्या शाळांच्या मुली आल्या की आधी विचारतात, ती सुंदरा कुठली? आता धाकट्या मुलींना मीच शिकवते. बाई म्हणतात मला.

धाकलू : बाई! बोलनं बी बामनावानी झालंय तुजं. आन् ते बोट वाकडं कशानं?

सुंदरा : चेंडू लागून मोडलं. नीट बसलं नाही.

धाकलू : दुखतं?

सुंदरा : थंडीत दुखतं.

धाकलू : हं. कडू तेल लावावं, रातीचं.

सुंदरा : बा, मला का बोलावलंस ते सांग.

धाकलू : जिजाचं लगीन मोडलं. खालापुरात जमलं व्हतं, सुपारी फुटली व्हती. नवऱ्याच्या चुलत्यानं तोंडावर सांगितलं, उड्या मारनारीची भैन आमच्या घरात नको.

सुंदरा : मी जाते त्यांच्याकडं. समजावते.

धाकलू : तू गेलीस तर होतं नव्हतं तेवढं बी जाईल. पंचांनी वाट काढलीय. उद्या तुजं किरियाकरम करायचं.

सुंदरा : माझं?

धाकलू : मेल्या मान्साचं करत्यात तसं. नदीवर पळसाच्या पानांचा पुतळा करायचा. भट म्हनला, डोकं म्हनून नारळ लावायचा. मंग अग्नी द्यायचा, समद्यांनी आंघोळी करायच्या. तेवढं झालं की खालापूरवाले हो म्हनत्यात.

सुंदरा : नारळ आणलास?

धाकलू : आनलाय. तुज्या आयच्या उशाशी ठेवलाय.

सुंदरा : आणि हे मला सांगायला बोलावलंस?

धाकलू : जित्या लेकीला न सांगता जाळायला हात उचलंना.

सुंदरा : सुट्टी लागली की सगळ्या मुली घरी जातात, बा. मी दर वर्षी म्हणायचे, पुढल्या साली मीही जाईन. आता पुढलं साल नाहीच?

धाकलू : मेलेलं मानूस घरी येतं व्हय?

सुंदरा : आणि आईचं काही बरंवाईट झालं तर?

धाकलू : कोन कळवनार? कुनाला कळवनार?

सुंदरा : जिजा कुठंय? तिला तरी बघू दे.

धाकलू : मावशीकडं धाडलीय. तुला बघितलं असतं तर तिनं गळ्यात मिठी घातली असती, नि मंग सगळंच संपलं. रोज चुलीपुढं रडते ती. इचारलं तर म्हनते, धूर गेला डोळ्यांत.

सुंदरा : कर मग. दे मला अग्नी. जिजाचं होऊ दे.

अंबा : सुंदरे!

धाकलू : अंबे, तू पडून ऱ्हा. ताप हाय तुला.

अंबा : कान हायेत मला. समदं ऐकलंय. सुंदरे, कुठं हायस गं?

सुंदरा : इथं, आये. कुंपणाबाहेर.

अंबा : लेक सासरी निघाली की आय वटी भरते. तुजं लगीन नाय नि सासर नाय. माज्या हातनं तुजी वटी कवा भरलीच नाय.

धाकलू : अंबे, खाली ठेव तो! उद्याचा नारळ हाय तो!

अंबा : म्हाईत हाय. जिचा हाय तिलाच देते.

धाकलू : तिला शिवायचं नाय!

अंबा : शिवत नाय. हिथनंच टाकते.

धाकलू : आगं, दिसत नाय तुला. भुईवर पडून फुटला तर अपशकुन व्हईल पोरीला.

सुंदरा : टाक, आये. माझ्या आवाजावर टाक. कसाही टाक, मी धरते.

अंबा : बोलत ऱ्हा.

सुंदरा : इथं आहे मी, आये. इथं. इथं.

अंबा : टाकला गं! ... पडला का? आवाज नाय आला. कुनी बोला की! फुटला का?

धाकलू : नाय, अंबे. वाकडा गेला व्हता, कुंपनाच्या बी वरनं. तिनं उडी मारलीन.

अंबा : उडी मारली?

धाकलू : लय उंच. नि एका हातानं झेललान. त्या वाकड्या बोटाच्या.

सुंदरा : पदरात घेतला, आये.

अंबा : भरली गं वटी. आता जा सुखानं.

सुंदरा : येते, आये. येते, बा.

अंबा : ये हो, बाय माजी.

धाकलू : थांब. म्या बी येतो नेरळपत्तूर. तू फुडं चाल, मी मागनं येतो, लांबनं. वान्याचं दुकान बंद व्हायच्या आत दुसरा नारळ आनाया पायजे.